आधी ८४, नंतर ९८: सर्व्हेतला फरक खरा की योगायोग?

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. त्यांच्या मंडळाचं पोस्टर, हिरवं बॅकग्राउंड, दोन बादल्यांचं चित्र, आणि मोठ्या अक्षरात "आमच्या मोहिमेमुळे ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या घरांत ७ टक्के वाढ!" खाली त्याचा मेसेज, "मामा, उद्या छापायला द्यायचंय, स्पेलिंग चेक करा."

स्पेलिंग बरोबर होतं. माझं डोकं अडकलं ते त्या ७ वर. मी बी.कॉम.च्या पोरांचे स्टॅटिस्टिक्सचे क्लास घेतो, त्यामुळं असा आकडा दिसला की गप्प बसवत नाही, बायको म्हणते हा आजार आहे. मी त्याला फोन लावला आणि विचारलं, किती घरं विचारली? तर म्हणला, दोनशे. आधी किती, नंतर किती? आधी ८४ घरं हो म्हणाली होती, नंतर ९८. मग मी विचारलं, हा फरक खरंच आहे हे तुला कसं माहीत? त्यावर तो दोन सेकंद गप्प आणि मग, "काय बोलूलाला मामा, ८४ पेक्षा ९८ जास्तच की."

आता हे उत्तर फक्त माझा भाचा देतो असं नाही. पेपरात रोज काहीतरी येतं, अमुक योजनेआधी इतके टक्के लोक समाधानी होते, योजनेनंतर इतके झाले, निवडणुकीआधी सर्व्हे, जाहिरातीनंतर सर्व्हे, आणि आपण सगळे दोन आकडे बघतो, मोठा कुठला ते बघतो आणि पुढं जातो. म्हणून म्हणलं एकदा सविस्तर लिहावंच. (मंडळाची ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि आकडे हिशेबाला सोपे पडतील असे केलेत. मुद्दा तोच आहे.)

आधी टक्क्यांचा घोळ मिटवू

दोनशेपैकी ८४ म्हणजे ४२ टक्के. दोनशेपैकी ९८ म्हणजे ४९ टक्के. फरक ७. पण याला "७ टक्के वाढ" म्हणायचं का? ४२ चे ७ टक्के म्हणजे तीनच्या आत. ४२ वरून ४९ ही वाढ ४२ च्या मानानं बघितली तर जवळजवळ १७ टक्के होते. म्हणून दोन टक्केवाऱ्यांची वजाबाकी केली की तिला टक्के-अंक म्हणायचं, म्हणजे इथं वाढ ७ टक्के-अंकांची आहे. भाचा लगेच म्हणला मग १७ लिहू का, भारी दिसेल! नको रे बाबा. पोस्टर करणारे आणि योजना राबवणारे हे दोन्हीपैकी जे मोठं दिसतं तेच लिहितात, म्हणून वाचताना कुठला आकडा दिलाय ते बघायचं.

शितावरून भात, पण कुठल्या पातेल्यातलं शीत

मंडळाचा भाग म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या तीन-चार गल्ल्या, त्यात दीडेक हजार घरं असतील. सगळ्या घरांत जाणं पोरांना जमणार नव्हतं म्हणून दोनशे घरं निवडली. या दोनशेला नमुना म्हणायचं, सॅम्पल. शितावरून भाताची परीक्षा करायची म्हणजे हेच, पातेलं न रिकामं करता भात शिजला का ते सांगायचं.

पण शीत म्हणजे अख्खा भात नव्हे. समजा मोहीम झालीच नाही, कुणाच्याही घरात काहीही बदललं नाही, आणि तरी तुम्ही डिसेंबरात दोनशे घरं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि फेब्रुवारीत पुन्हा वेगळी दोनशे निवडली, तर दोन्ही वेळा बरोब्बर ८४ च येतील का? अजिबात नाही. एकदा ८४ येतील, एकदा ९०, एकदा ७९. हा फरक कुणी केला नाही, तो निवडीच्या नशिबाचा फरक आहे.

लक्ष्मी मंडईत भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वांगी ठेवली की आकडा आधी थोडा नाचतो बघा, ४९० दाखवतो, ५०५, ४९५. तेवढ्या नाचण्यावरून आपण "वांगी वाढली" म्हणत नाही. सर्व्हेचा काटाही असाच नाचतो. पण तो किती नाचतो हे ठरवायचं सूत्र आहे, आणि सगळी मजा तिथंच आहे.

"काहीच बदललं नाही" असं धरून चालायचं

लोकांना इथं जरा उलटं वाटतं. आपल्याला सिद्ध करायचंय की फरक पडला, पण सुरुवात करायची ती "फरक पडलाच नाही" असं गृहीत धरून. या गृहीतकाला शून्य गृहीतक म्हणतात, क्लासमध्ये आम्ही नल हायपोथेसिस म्हणतो. मग विचारायचं, हे खरं असतं तर आपल्याला दिसलेला फरक, किंवा त्याहून मोठा, नुसत्या योगायोगानं कितपत वेळा दिसला असता? ती जी शक्यता निघते तिचं नाव पी-व्हॅल्यू. जवळजवळ सगळ्या चाचण्या, नावं कितीही अवघड असली तरी, हा एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारतात.

भाच्याला मी हे चिठ्ठ्यांनी सांगितलं. दोन्ही वेळचे मिळून ४०० जबाब, त्यात ८४ अधिक ९८ म्हणजे १८२ "हो". आता ४०० चिठ्ठ्या कर, १८२ वर हो लिही, बाकीच्यांवर नाही, सगळ्या एका गोणीत टाकून चांगल्या हलव आणि डोळे झाकून दोनशे-दोनशेचे दोन ढीग कर. एका ढिगाला "आधी" म्हण, दुसऱ्याला "नंतर". इथं मोहीम नाही, मंडळ नाही, काही नाही, नुसती गोणी आहे. तरी दोन ढिगांत १४ किंवा त्याहून जास्त "हो" चा फरक किती वेळा पडेल?

पुस्तकातलं सूत्र वापरलं तर उत्तर येतं शंभरात साधारण १६ वेळा, आणि खरंच चिठ्ठ्या उचलत बसलात तर १९ च्या आसपास. म्हणजे पाच-सहा खेपांत एकदा, मोहीम न करताही, असा फरक आपोआप दिसतो. एवढ्या जिवावर पोस्टर छापायचं म्हणजे जरा अवघडच आहे.

ज्यांना सूत्र बघायचंच आहे त्यांच्यासाठी: दोन्ही वेळचं एकत्र प्रमाण १८२ भागिले ४००, म्हणजे ०.४५५. त्याला उरलेल्या ०.५४५ नं गुणायचं, ते १/२०० अधिक १/२०० नं गुणायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. येतं जवळपास ०.०५, म्हणजे ५ टक्के-अंक. आपला काटा एवढा नाचतो, याला स्टँडर्ड एरर म्हणतात. आपला फरक ७ चा, म्हणजे नाचण्याच्या १.४ पट. रिवाज असा की १.९६ पटीच्या पुढं गेला तरच "सिग्निफिकंट" म्हणायचं, म्हणजे नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसायची शक्यता शंभरात पाचच्या खाली. आपण तिथवर पोचलो नाही.

ही पाच टक्क्यांची रेघ कुणी मारली?

देवानं नाही मारलेली. इंग्लंडचे रोनाल्ड फिशर म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९२५ मध्ये ही रेघ सोयीची आहे म्हणून सुचवली आणि मग जग तिलाच धरून बसलं. ४.९ टक्के आलं की पेढे आणि ५.१ आलं की सुतक, हा वेडेपणा आहे. अमेरिकेतल्या स्टॅटिस्टिक्सवाल्यांच्या संघटनेनं २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूवर जाहीर निवेदनच काढलं, त्यातही हे होतं की नुसता आकडा रेघेच्या अलीकडं की पलीकडं एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

त्यातच अजून एक गोष्ट होती जी माझी पोरं दरवर्षी परीक्षेत चुकतात. पी-व्हॅल्यू १६ टक्के आली म्हणजे "मोहिमेचा परिणाम शून्य असण्याची शक्यता १६ टक्के" असं नाही. पी-व्हॅल्यू काढताना आपण परिणाम शून्य आहे हे धरूनच चाललो होतो, मग तीच गोष्ट किती शक्य हे तीच कसं सांगणार? पाऊस पडल्यावर रस्ता ओला असण्याची शक्यता वेगळी आणि रस्ता ओला दिसल्यावर पाऊस पडलेला असण्याची शक्यता वेगळी. सोलापुरात तर रस्ता ओला दिसला की आधी डोक्यात येतं, पाणी सोडलंय वाटतं आज.

"म्हणजे मोहीम फेल?"

भाच्याचा पहिला आक्षेप हाच. आवाज एकदम पडला त्याचा. आणि खरं सांगायचं तर या ठिकाणी चुकणारे शिकले-सवरलेलेच जास्त असतात. फरक सिग्निफिकंट आला नाही याचा अर्थ "फरक नाही" असा होत नाही. एवढ्या घरांवरून सांगता येत नाही, इतकाच होतो. किती सांगता येत नाही हेही मोजता येतं, त्याला विश्वासाचा पट्टा म्हणू, कॉन्फिडन्स इंटरव्हल. आपल्या आकड्यांवरून ९५ टक्क्यांचा पट्टा निघतो उणे २.७ पासून अधिक १६.७ टक्के-अंकांपर्यंत. म्हणजे मोहिमेनंतर प्रमाण जरासं घटलेलंही असू शकतं आणि साडेसोळानं वाढलेलंही. एवढ्या मोठ्या पट्ट्यातून दोन म्हशी शेजारी शेजारी जातील.

मला विचाराल तर पेपरवाल्यांनी पी-व्हॅल्यू एकवेळ छापू नये पण हा पट्टा छापावा, सामान्य माणसाला तो लगेच कळतो.

हीच टक्केवारी, ४२ आणि ४९, आठशे-आठशे घरांवरून आली असती तर? मग काट्याचं नाचणं निम्मं झालं असतं, अडीच टक्के-अंक, फरक त्याच्या २.८ पट, आणि नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसायची शक्यता हजारात पाच. घरं चौपट केली तेव्हा नाचणं निम्मं झालं, चौथाई नाही, हे लक्षात ठेवा, कारण सर्व्हेचा खर्च इथंच वाढतो.

थांबा, घरं तीच होती की!

फोन ठेवायच्या बेतात होतो तेवढ्यात तो सहज बोलून गेला, "पण मामा, दुसऱ्यांदा पण त्याच घरी गेलतो आम्ही." हे आधी सांगायचं ना बे!

आतापर्यंतचा सगळा हिशेब मी असं समजून केला होता की डिसेंबरातली दोनशे घरं वेगळी आणि फेब्रुवारीतली वेगळी. दोन अनोळखी गर्दी. पण तीच घरं पुन्हा विचारली असतील तर हिशेबच बदलतो, कारण आता निवडीचं नशीब दोन्ही वेळा एकच आहे. अमुक मावशी डिसेंबरातही टापटिपीच्या होत्या आणि फेब्रुवारीतही आहेत, त्यांचा "हो" दोन्हीकडं पडतो आणि फरकात काहीच भर घालत नाही. पहिल्या सूत्राला हे कळत नाही, ते मावशींना दोन वेगळ्या बायका समजतं आणि काटा विनाकारण जास्त नाचवतं.

मी विचारलं, कुठल्या घरानं आधी काय सांगितलं आणि नंतर काय, हे आहे का लिहिलेलं? त्याला वाटलं नुसती बेरीजच ठेवलीय. नशिबानं मंडळातली एक पोरगी, अकरावीला आहे, तिनं घर नंबर घालून वही ठेवली होती. दुसऱ्या दिवशी वही घेऊन दोघंही घरी आले. दोनशे पानी लांब वही, डाव्या समासात घर नंबर, मग तेलुगु-मराठी मिश्र नावं, पहिल्या रकान्यात निळ्या पेनानं बरोबरची खूण किंवा फुली, दुसऱ्या रकान्यात लाल पेनानं. तीन पानांवर चहाचे गोल डाग. मला ती वही पोस्टरपेक्षा शंभरपट आवडली.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढ्यात घेऊन आम्ही मोजायला बसलो. पान चार खणांत आखलं. निळी खूण आणि लाल खूण, म्हणजे आधीही हो नंतरही हो: ७६ घरं. दोन्हीकडं फुली, म्हणजे आधीही नाही नंतरही नाही: ९४. आधी नाही आणि नंतर हो: २२. आणि आधी हो, नंतर नाही: ८. बेरीज दोनशे. पडताळून बघा, ७६ अधिक ८ म्हणजे ८४, ७६ अधिक २२ म्हणजे ९८.

बोलतात ती तीसच घरं

आता नीट बघा. १७० घरं जिथं होती तिथंच आहेत. बदलाबद्दल बोलायचं तर ती गप्प आहेत. बोलतात ती फक्त ३० घरं, २२ इकडून तिकडं गेलेली आणि ८ तिकडून इकडं आलेली.

शून्य गृहीतक आता असं: मोहिमेचा काही परिणाम नाही, लोक आपले असेच बदलतात, कुणी इकडं कुणी तिकडं. असं असेल तर बदलणारं प्रत्येक घर म्हणजे एक नाणेफेक, छापा पडला तर "हो" कडं, काटा पडला तर "नाही" कडं. मग प्रश्न उरतो फक्त एवढाच: नाणं तीस वेळा उडवलं तर २२-८ इतकी किंवा त्याहून जास्त एकतर्फी वाटणी किती वेळा होते? हे तर शाळेतल्या गणितानं निघतं. उत्तर शंभरात १.६ वेळा.

कुठं १६ आणि कुठं १.६! आकडे तेच, ८४ आणि ९८, घरं तीच, फरक तोच ७ चा, आणि निकाल उलटा. पट्टाही आता १.७ ते १२.३ टक्के-अंक येतो, म्हणजे शून्याच्या वरच. माझ्या मते या सगळ्या लेखात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही एकच आहे, आधी-नंतरचा सर्व्हे बघितला की पहिला प्रश्न "किती टक्के" हा नाही, "माणसं तीच होती का" हा आहे.

या चाचणीला मॅकनेमार चाचणी म्हणतात, क्विन मॅकनेमार या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४७ मध्ये मांडली. तिचं झटपट सूत्र चहाच्या टपरीवर करता येईल इतकं सोपं आहे: दोन बदलणाऱ्या आकड्यांची वजाबाकी, तिचा वर्ग, भागिले त्यांची बेरीज. इथं १४ चा वर्ग १९६, भागिले ३०, म्हणजे ६.५३. हे ३.८४ च्या वर गेलं की पाच टक्क्यांची रेघ ओलांडली. (सूत्रानं शक्यता जरा कमी येते, शंभरात एकाच्या आसपास. घरं कमी असली की नाणेफेकीचा नेमका हिशेबच बरा.)

पण तीच घरं असली की फरक हमखास सिद्धच होतो असंही समजू नका. समजा वहीत ५९ घरं "हो" कडं गेलेली निघाली असती आणि ४५ "नाही" कडं. वजाबाकी तीच १४, बेरीज तीच ८४ आणि ९८. पण आता १९६ भागिले १०४, दोनच्याही आत. म्हणजे गल्लीत नुसती पळापळ चालू आहे, आज वेगळा करतात उद्या नाही, आणि त्या गोंधळातून १४ चा फरक सहज पडू शकतो. दोन्ही वेळचं पोस्टर मात्र अक्षरन् अक्षर सारखं छापलं असतं. म्हणून म्हणतो बेरीज पुरत नाही, वही लागते.

"मग सरकारी सर्व्हे तेच घर का विचारत नाहीत?"

हा प्रश्न त्या अकरावीच्या पोरीनं विचारला आणि चांगला विचारला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या. चौथी फेरी २०१५-१६ ची, पाचवी २०१९-२१ ची, दोन्हीत देशभरात सहा लाखांच्या वर घरं, आणि दोन्ही वेळा घरं वेगळी निवडलेली. सुधारित शौचालय वापरणाऱ्या घरांत राहणारी लोकसंख्या ४८.५ टक्क्यांवरून ७०.२ वर गेली असं त्यात दिसतं. तीच घरं चार वर्षांनी गाठायची म्हणजे बरीच सापडत नाहीत, कुणी पुण्याला गेलं, कुणी घर बदललं, आणि मधल्या काळात जी नवी कुटुंबं झाली ती यादीत येतच नाहीत. आज देश कसा आहे हे सांगायचं तर ताजा नमुनाच बरा. तिथं मग पहिली, दोन गर्दीवाली चाचणी लागते, थोड्या दुरुस्त्या करून.

तसल्या सर्व्हेत दुसरीच गंमत होते. घरं लाखांत असली की काटा जवळजवळ नाचतच नाही, त्यामुळं अर्ध्या टक्के-अंकाचा फरकही सिग्निफिकंट निघतो. निघू दे. योगायोग नाही एवढंच कळलं, तो फरक कुणाच्या कामाचा आहे का हे चाचणी सांगत नाही.

दोनशे घरं खरंच दोनशे आहेत का

वही चाळताना मला एक खटकलं. घर नंबर ४१ ते ५२ एकाच वाड्यातले, बारा बिऱ्हाडं, आणि लाल रकान्यात बाराच्या बारा सारख्या खुणा. विचारलं तर कळलं वाड्याच्या दाराशी सगळ्यांच्या दोन बादल्या एकत्रच ठेवलेल्या. म्हणजे हे बारा जबाब नाहीत, एकच जबाब बारा वेळा आहे. सूत्राला प्रत्येक घर स्वतंत्र लागतं, एका घराचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नको. असे वाडे जास्त असले की आपली दोनशे प्रत्यक्षात शंभर-सव्वाशेच भरतात आणि पी-व्हॅल्यू उगाच छान दिसते. ती २२ घरं बघितली तर त्यातली चार या वाड्यातलीच होती. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडं असा बघत होता की मी त्याचं लग्न मोडलंय.

ठीक आहे, फरक खरा. पण मोहिमेमुळंच कशावरून?

चाचणीनं फार तर सांगितलं की हा योगायोग वाटत नाही. का झालं ते तिला माहीत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत मोहीम झाली हे खरं, पण गड्डाही होऊन गेला. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला घरोघरी पाहुणे, कचरा दुप्पट, त्यात रिक्षावर भोंगा लावून कुणी वेगळंच काही सांगत गेलं असेल, शाळेत पोरांना प्रोजेक्ट दिलं असेल. सगळ्याचं श्रेय पोस्टरवर मंडळाला.

याला उपाय एकच, मोहीम न केलेली शेजारची गल्लीही आधी आणि नंतर विचारायची. तिथंही ४२ चे ४९ झाले असतील तर मंडळानं काही केलं नाही, गावानंच केलं. तिथं ४२ चे ४३ झाले असतील तर तुमच्या वाट्याला सहा टक्के-अंक. डाळीला फोडणी दिल्यानं चव आली का, हे बिनफोडणीची वाटी शेजारी ठेवल्याशिवाय कसं कळणार?

आणि विचारतो कोण, कसा, कधी, हेही बघायला लागतं. डिसेंबरात पोरांनी मराठीत विचारलं होतं, "तुम्ही ओला-सुका कचरा वेगळा करता का?" फेब्रुवारीत ती अकरावीची पोरगी सोबत होती, ती तेलुगुत विचारायची, आणि प्रश्नही जरा वेगळा, "आता करता ना वेगळा?" त्या "ना" मध्येच उत्तर आहे हो! समोर ओळखीची पोरगी, अंगात मंडळाचा टी-शर्ट, कोण नाही म्हणेल? पूर्व भागात दुपारी बायका उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात, हात थांबत नाहीत, मान वर न करता "हा हा, करतो" म्हणून मोकळ्या होतात. ज्या दिवशी विड्या जमा करायला कारखान्यात जायचं असतं त्या दिवशी घरी सासरा किंवा पोरगं, त्यांना कचऱ्याचं काय माहीत. असली चूक कुठल्याही चाचणीनं पकडता येत नाही, घरं दोनशेची वीस हजार केली तरी नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत एका मासिकानं कोटीभर लोकांना पत्रं पाठवून वीस लाखांवर जबाब गोळा केले आणि तरी अध्यक्ष कोण होणार हे सपशेल चुकलं, कारण पत्रं गेली ती बहुतेक फोन आणि मोटारी असणाऱ्यांना, आणि त्यातही उत्तर पाठवायची हौस असलेल्यांनीच उत्तर दिलं.

खरं बघायचं तर विचारूच नये, घंटागाडी यायच्या वेळेला जाऊन बादलीत डोकवावं. पोरं यावर नाक मुरडतात.

पुढच्या वेळी किती घरं?

हे सर्व्हेच्या आधी ठरवायचं असतं, नंतर नाही. ४२ वरून ४९ एवढा बदल खरंच झाला असेल आणि तो पाचातून चार वेळा पकडता यावा असं वाटत असेल, तर वेगवेगळी घरं विचारायची झाल्यास दोन्ही वेळा सुमारे ८०० घरं लागतात. तीच घरं पुन्हा विचारली तर बरीच कमी चालतात, किती कमी ते बदलणारी घरं किती यावर. आणि पहिल्या फेरीत ५० घरं विचारली, आवडलं नाही, अजून ५० विचारली, मग अजून, आणि पी-व्हॅल्यू पाचच्या खाली आली की थांबलो, असलं करायचं नाही. तो रडीचा डाव झाला. तसंच वीस प्रश्न विचारून ज्या एकात फरक दिसला तेवढाच पोस्टरवर टाकायचा नाही, वीस वेळा पाच टक्क्यांचा जुगार खेळलात तर एखाद वेळा लागणारच की.

शेवटी पोस्टर बदललं. आता लिहिलंय, "२०० घरांपैकी २२ घरांनी कचरा वेगळा करायला नव्यानं सुरुवात केली, ८ घरांनी सोडून दिलं." सेक्रेटरीला ते ८ अजिबात आवडले नाहीत, म्हणे ते कशाला लिहायचं. पोरगी अडून बसली, लिहायचंच.

काल ती दोघं त्या आठ घरी पुन्हा जाऊन आली. दोन घरांत दुसरी बादली फुटलेली. एका घरी सून बाळंतपणाला माहेरी गेलेली आणि सासूबाई म्हणल्या, "ती आल्यावर बघू, माझ्यानं नाही दोन डबे होत." एका घरी कुलूप. उरलेल्या चार घरांनी सांगितलं, आम्ही आधीही करत नव्हतो, तेव्हा पोरांनी घाईत चुकून बरोबरची खूण केली असेल.